बगदादमध्ये इराकी जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त मी चार वर्षं बगदादला राहिले. तेव्हापासून करबला-नजफच्या झियारतीला (तीर्थदर्शनाला) निघालेली मुंबईची मंडळी, बसऱ्याकडे तेलाच्या कामाला जाणारी मुलं आणि दुबईत इराकी हॉटेलच्या दारात थबकलेले नातलग मला तेच तेच प्रश्न पाठवत आले आहेत. ते इथे एकत्र केले. उत्तरं बगदाद डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. बाहेरच्या शहरांसाठी प्रश्न १६ पाहा.

१. इराकी जेवण म्हणजे लेबनीजच ना? हमस, फलाफल, शवर्मा?

नाही. हमस इराकी टेबलावरही येतं, पण घरचं जेवण म्हणजे भात आणि रस्सा. तिथल्या बोलीत ‘तिम्मन व मरग’. बाकी अरब मंडळी भाताला ‘रुझ’ म्हणतात, इराकी माणूस ‘तिम्मन’ म्हणतो. मरग म्हणजे टोमॅटो घातलेला मटणाचा पातळ रस्सा. त्यात भेंडी असली तर ती बामिया, पांढऱ्या राजम्यासारख्या बिया असल्या तर फसूलिया. आंबटपणाला चिंच, डाळिंबाचा आटवलेला रस आणि वाळवलेलं काळसर लिंबू, ‘नूमी बसरा’. नाव बसऱ्याचं असलं तरी हे लिंबू ओमानकडून यायचं आणि बसऱ्याच्या बंदरात उतरायचं, म्हणून ते नाव पडलं. गोडाला खजुराची काकवी, ‘दिबिस’. तिखट जवळजवळ नाहीच. आपल्या जिभेला पहिला घास सपक लागतो. तरी लगेच मीठ-मिरची मागू नका, दोन-चार घास जाऊ द्या. आंबटाची चव मागून येते.

२. पहिल्यांदाच जातोय. काय मागवू?

चौघं असाल तर एक मसगूफ (प्रश्न ४) आणि तो भाजेपर्यंत एक ताट कबाब-टिक्का. टिक्का हा शब्द तिथेही तसाच आहे, म्हणजे मटणाचे तुकडे. प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा एक.

एकटे असाल तर डोळे मिटून तशरीब. खोलगट ताटात तंदूरची रोटी तोडून घालतात, वर मटणाचा रस्सा ओततात, त्यावर हाडासकट मऊ शिजलेलं मटण आणि एक फुटलेलं नूमी बसरा. रोटी रस्सा पिऊन फुगते. भाकरी रश्श्यात कुस्करून खाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तळाशी बोटभर जाडीचा जो लगदा उरतो, तो सोडू नका. लिंबाची साल मात्र चावू नका, कडू असते.

पाहुणचाराचं जेवण असेल तर कूझी: भातावर सावकाश शिजवलेलं कोकरू, त्यावर तळलेले बदाम, बेदाणे आणि शेवया. शुक्रवारी दोलमा मिळाला तर घ्याच. इराकी दोलम्यात द्राक्षाच्या पानांसोबत कांद्याचे पापुद्रे, वांगी, टोमॅटो, सगळं तांदूळ-खिम्याने भरून एकाच पातेल्यात चिंचेच्या किंवा डाळिंबाच्या आंबट रसात शिजवतात आणि पातेलं परातीत उपडं करतात. कांद्याचे दोलमे आधी उचला. ते सगळ्यात आधी संपतात.

३. बसल्या बसल्या न मागवता दहा बशा आल्या. त्यांचे पैसे लागतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. मसूरडाळीचं सूप, कोशिंबिरी, तुरशी (व्हिनेगरमधलं मिसळीचं लोणचं), दह्यातली काकडी म्हणजे ‘जाजीक’, आणि रोटी हे जेवणाबरोबरच धरलेलं असतं. रोटी संपली की पुन्हा येते. मोठ्या हॉटेलात शंका आली तर विचारा, कोणी वाईट मानत नाही. फक्त या बशांवरच पोट भरू नका.

४. मसगूफ म्हणजे नक्की काय? मासा भाजायला दीड तास कसा लागतो?

मसगूफ म्हणजे उभ्या आगीसमोर भाजलेला नदीचा मासा. बगदादला टायग्रिसच्या काठाने अबू नुवास रस्ता जातो, कवी अबू नुवासच्या नावाचा. मसगूफ म्हटलं की बगदादी माणसाला तोच रस्ता आठवतो.

आगीजवळ जाऊन उभे राहा, कोणी हटकत नाही. आपण मासा पोटाकडून साफ करतो. हा माणूस पाठीकडून सुरी घालतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत. मग पुस्तक उघडावं तसा मासा उघडतो आणि परातीएवढा गोल, सपाट होतो. पाठीकडून चिरल्यामुळे पोटाची चरबी मधोमध राहते आणि भाजताना आजूबाजूच्या मांसात मुरते. मीठ चोळतात, काही ठिकाणी चिंचेचं पाणी आणि हळदही. मग जमिनीत रोवलेल्या खुंट्यांच्या आधाराने मासा कडेवर उभा करतात, आतली बाजू आगीकडे. आग मध्ये आणि मासे भोवती, शेकत बसलेल्या माणसांसारखे. लाकूड फळझाडाचं चांगलं: जर्दाळू, डाळिंब, संत्र्या-लिंबाच्या जातीचं. ज्वाळा माशाला शिवत नाही, नुसती धग आणि थोडा धूर लागतो. म्हणून वेळ लागतो. पांढरं मांस आधी पिवळसर, मग मधाच्या रंगाचं होतं, कडा कुरकुरतात, चरबीचे थेंब खाली पडून चुरचुरतात. शेवटी मासा निखाऱ्यांवर खवल्यांच्या बाजूने आडवा टाकतात, म्हणजे खालची बाजूही खरपूस होते.

घाई केली तर हा मासा बिघडतो. अर्ध्या तासात मसगूफ आला तर तो गॅसवर किंवा भट्टीत भाजलेला आहे असं समजा.

५. मासा निवडायचा कसा, आणि मुलं सोबत असली तर?

हौदात जिवंत मासे पोहत असतात. तुम्ही बोट दाखवायचं, ते वजन करतात, दर किलोवर असतो. दर वजनाआधी विचारा आणि वजन स्वतः बघा. चौघांना दोन ते अडीच किलोचा पुरतो, कारण डोकं आणि काटे बरेच जातात. निवडल्यावर मासा तिथेच डोक्यात दणका घालून मारतात. मुलं हळवी असतील तर त्यांना आधीच टेबलावर बसवा आणि हौदाकडे एकट्याने जा.

पूर्वी बुन्नी, शब्बूत, गत्तान हे नदीचे अस्सल मासे असत. आता बहुतेक ठिकाणी तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवलेला कॉमन कार्प मिळतो, आपल्या धरणांत सोडतात तोच सायप्रिनस. 2018 च्या शरद ऋतूत फुरात (युफ्रेटिस) नदीच्या पिंजऱ्यांतले कार्प विषाणूने लाखोंनी मेले आणि काही दिवस लोकांनी मसगूफ खायचंच सोडलं होतं. त्या वर्षाची आठवण अजून निघते. बुन्नी मिळतो का हे विचारून बघा. मिळाला तर महाग पडेल, पण मांस घट्ट आणि चव गोड असते.

६. काटे फार असतात का? मसगूफ खायचा कसा?

असतात, आणि कार्पचे काटे दुबोटी असतात. समुद्राचा पापलेट-सुरमई खाणाऱ्यांनी जपून खावं. पाला किंवा रोहू खाणाऱ्यांना अडचण नाही. चमचा बाजूला ठेवा. रोटीचा तुकडा तोडा, त्याने माशाचा चिमटा घ्या, काटे बोटांना लागतील ते काढा, वर कच्चा कांदा, लिंबू आणि थोडा अंबा (पुढचा प्रश्न). सुरुवात पोटाकडच्या मधल्या भागापासून करा, तिथे काटे कमी आणि चरबी जास्त. लहान मुलांना तोच भाग द्या. मासा सगळ्यांच्या मध्ये ठेवतात, वेगळ्या ताटल्यांत वाढून घेत नाहीत.

७. माशाबरोबर पिवळं आंबट काहीतरी आलं, वेटर त्याला ‘अंबा’ म्हणाला. हा आपलाच आंबा का?

हो, आणि शब्दही आपलाच. मला सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची येतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

इराकी अंबा म्हणजे कैरीचं लोणचं: कैरी, मीठ, हळद, मेथ्या, मोहरी आणि व्हिनेगर. तेल जवळजवळ नाही, म्हणून ते पातळ आणि झणझणीत आंबट असतं. इराकमध्ये आंब्याची लागवड नाही. तो मुंबईहून गेला. बगदादचे ज्यू व्यापारी एकोणिसाव्या शतकात मुंबईत स्थायिक झाले; त्यांच्यातले सगळ्यात नावाजलेले डेव्हिड ससून 1832 मध्ये बगदादहून इकडे आले. काळा घोड्याचं ससून वाचनालय आणि पुण्याचं ससून रुग्णालय त्यांच्याच नावाचं. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्यांनीच बांधायला घेतलं. अंबा याच व्यापाऱ्यांच्या वाटेने बगदादला पोचला असं मानतात. पुढे बगदादचे ज्यू 1950 च्या सुमारास देश सोडून इस्रायलला गेले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर तिकडेही गेला आणि तिथेही त्याला ‘अंबा’च म्हणतात.

बगदादला तो नुसता माशाबरोबर खात नाहीत. समून नावाची होडीच्या आकाराची, मधे फुगीर पाव-रोटी असते. ती चिरून आत अंबा आणि उकडलेलं अंडं किंवा फलाफल. शाळेबाहेरच्या गाडीवर मिळणारा हा खाऊ, आपल्याकडच्या वडापावासारखा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मेथ्यांच्या वासाने मला आजीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखं वाटलं. गाडीवाल्याला म्हटलं, आमच्याकडे या फळालाच आंबा म्हणतात. त्याचा विश्वास बसेना. त्याच्या लेखी अंबा हे लोणच्याचं नाव. फळाला तो ‘मांगा’ म्हणत होता.

मेथ्यांचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत अंगाला राहतो, पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडतो. बेताने घ्या.

८. मी शाकाहारी आहे. काही मिळेल का?

मिळेल, पण बोलून घ्यावं लागेल, आणि नेमकं बोलावं लागेल. ‘बिदून लहम’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ एवढं म्हणणं पुरत नाही, कारण ‘लहम’ म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मटण येतं. माझ्या शाकाहारी सहकाऱ्याने हेच वाक्य म्हटलं आणि त्याच्यापुढे मोठ्या आपुलकीने कोंबडीचं ताट आलं. वाढणाऱ्याच्या मनात काही वावगं नव्हतं. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘मा आकुल लहम, वला दिजाज, वला सिमच’, म्हणजे मी मटण खात नाही, कोंबडी नाही, मासाही नाही.

दुसरा सापळा रश्श्याचा. फसूलिया किंवा बामियातून मटणाचे तुकडे काढून ‘हे घ्या, आता शाकाहारी’ असं प्रेमाने सांगतील, पण रस्सा मटणाच्याच पाण्याचा असतो. भातही कधी त्याच पाण्यात शिजवतात. डाळीच्या सूपलाही कधी कोंबडीचं पाणी असतं. ‘माय लहम?’ (मटणाचं पाणी?) असं बोट दाखवून विचारा.

भरवशाचं काय, तर हमस, मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं तिळाच्या वाटणातलं भरीत), जाजीक, तुरशी, तळलेलं वांगं, समूनमधलं फलाफल-अंबा, आणि नाश्त्याचे बहुतेक पदार्थ (प्रश्न ११). हिवाळ्यात रस्त्यावर खजुराच्या काकवीत उकडलेले सलगम आणि लबलबी, म्हणजे उकडलेले छोले, मिळतात. थंडीच्या संध्याकाळी त्यांची वाफ बघूनच पावलं थांबतात.

९. बीफ खात नाही. मटण मागवलं की झालं ना?

इथे एक शब्द फसवतो. अरबीत ‘बकर’ म्हणजे गाय-बैल. ‘लहम बकर’ ऐकून आपल्याला बोकडाचं मटण वाटतं आणि नेमकं नको ते ताटात येतं. मेंढीच्या मटणाला ‘लहम गनम’ म्हणा. वासराच्या मांसाला ‘इजिल’ म्हणतात, बोलीत गुरांच्या मांसाला ‘हूश’ असंही. तशरीब, कूझी, टिक्का हे रीतीने मेंढीचे असतात. कबाब, कुब्बा (खिमा भरलेले गोळे) आणि शवर्मा (तिथे ‘गुस’) यांच्या मांसात मिसळ असू शकते, तिथे दर वेळी विचारा.

१०. जैन आहोत, कांदा-लसूणही नको. मग?

जेवणाच्या वेळी फार थोडं मिळेल: साधी काकडी-टोमॅटो, दही, समून, खजूर. त्यापेक्षा सकाळी जा.

११. सकाळी जाण्यात काय विशेष?

गेमर. म्हशीच्या दुधाची जाड साय, दोन बोटं जाडीची, घडी घालून ठेवलेली. दक्षिणेच्या दलदलीत राहणारे लोक म्हशी पाळतात, पाण्यात मानेपर्यंत बुडालेल्या म्हशी आणि वेताची घरं. गेमर म्हटलं की तीच आठवतात. गरम समून, गेमर आणि वरून दिबिसची धार. किंवा ‘काही’: पापुद्र्यांची चौकोनी, खुसखुशीत पोळी, पाकात भिजवलेली, वर गेमर. हे दहा-अकरापर्यंत संपतं.

बागिल्ला मात्र भर पोटाचा नाश्ता: मोठ्या वालासारखं कडधान्य रात्रभर शिजवून त्याचं पाणी रोटीवर ओततात, वर अंडं, कडकडीत तूप आणि पुदिन्याच्या जातीची वाळलेली पात. अंडं नको असेल तर ‘बिदून बेझ’. तुपाला ‘दिहिन हुर’ म्हणतात.

१२. पाचा खाऊ का?

मुंडी-पाया आवडत असेल तर नक्की. मेंढीचं डोकं, पाय आणि तांदूळ-खिम्याने भरून शिवलेली वजडी रात्रभर शिजते. हिवाळ्यात, रात्री उशिरा किंवा पहाटे. वास सहन होत नसेल तर दारातच कळेल. भिडेपोटी मागवू नका.

१३. भाताच्या तळाचं करपलेलं वेगळ्या बशीत दिलं. चूक झाली का त्यांची?

नाही, तो मान आहे. ती खरवड, ‘हकाका’. घरात तिच्यावरून भावंडांत भांडणं होतात. सुवासिक तांदूळ हवा असेल तर ‘तिम्मन अंबर’ आहे का विचारा. तो नजफ-दिवानियाकडे पिकतो, पण नद्यांचं पाणी आटल्यापासून लागवड फार घटली आहे. पुष्कळ हॉटेलांत भात भारताच्या बासमतीचा असतो.

१४. एकट्या बाईने गेलं तर चालतं का? बसायचं कुठे?

चालतं. बहुतेक ठिकाणी कुटुंबांसाठी वेगळा भाग असतो, पाटीवर ‘अवाइल’ लिहिलेलं, बऱ्याचदा वरच्या मजल्यावर. मी एकटी गेले की तिकडेच बसायचे. कर्रादा आणि मन्सूर भागांत रात्री दहा वाजताही बायका-मुलांनी हॉटेलं भरलेली दिसतात. जुन्या चहाखान्यांत आणि पाच्याच्या दुकानांत मात्र बायका क्वचित. वेटर ‘ऐनी’ म्हणून हाक मारेल, अर्थ ‘माझा डोळा’. तो सगळ्यांनाच तसं म्हणतो, बायका-पुरुष दोघांनाही, त्याने बिचकू नका. ‘बिल आफिया’ म्हणाला तर ते ‘अंगी लागो’. उत्तर ‘अल्ला याफीक’, बाईला म्हणताना ‘याफीच’.

१५. रमजान किंवा मोहरममध्ये गेलो तर?

रमजानात दिवसा हॉटेलं बंद, मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर) तुडुंब. जागा आधी सांगून ठेवा. मोहरमात मौजमजेचं वातावरण नसतं, पण त्या दिवसांतलं ‘कीमा’ मिळालं तर घ्या: हरभरे आणि मटण मोठ्या देगीत घोटून केलेलं दाट कालवण. अर्बईनला (इमाम हुसैन यांच्या चाळीसाव्याला) नजफ ते करबला हे सुमारे 80 किलोमीटर चालत जाणाऱ्यांना वाटेवरच्या मांडवांत सगळं फुकट मिळतं. तिथे पैसे देऊ केले तर त्यांना वाईट वाटतं. दारूबद्दल विचारणाऱ्यांना: पारंपरिक इराकी हॉटेलात ती नसते, मागूही नका.

१६. दुबई, शारजा, लंडन इथल्या इराकी हॉटेलांत हीच चव मिळते का?

कबाब, तशरीब, दोलमा: बरंचसं. मसगूफसाठी एकच कसोटी, लाकडाची उभी आग दिसते का (प्रश्न ४). निघण्याआधी फोन करून मासा लावायला सांगितला तर थांबावं लागत नाही. गेमर बाहेर जमत नाही असं माझं मत आहे. गाईच्या सायीला तो लोण्यासारखा दाटपणा येत नाही.

१७. जेवणानंतर चहा घ्यायलाच हवा का?

घ्या. बाकी अरब ‘शाय’ म्हणतात, इराकी आपल्यासारखंच ‘चाय’ म्हणतात. काळा, वेलचीचा, कंबरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात. त्याला ‘इस्तिकान’ म्हणतात. तळाशी साखरेचा थर असतो. गोड कमी हवं तर ढवळू नका. जड जेवण झालं असेल तर नूमी बसराचा आंबट चहा मागा. पोट हलकं होतं.

१८. पैसे कसे द्यायचे? टिप?

रोख दिनार जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. बिलाला ‘हिसाब’च म्हणतात. टिपची सक्ती नाही, पण मसगूफ भाजणाऱ्याच्या हातात वेगळं काही ठेवलं तर बरं, तो दीड तास धगीसमोर उभा असतो. जाता जाता: 1932 मध्ये दिनार येईपर्यंत इराकमध्ये भारतीय रुपया चालत असे.

१९. बिल मागितलं तर वेटर म्हणाला ‘वासिल’ आणि पैसे घेईना. हे काय?

‘वासिल’ म्हणजे पोचले; तुमचे पैसे कोणीतरी आधीच भरले. दोन प्रसंग वेगळे ओळखा. गल्ल्यावरचा माणूस हसत ‘खल्ली अलैना’, राहू द्या आमच्याकडून, म्हणाला तर तो शिष्टाचार आहे. आग्रह करून पैसे द्यायचे. पण ‘वासिल’ म्हटलं तर व्यवहार झालेला असतो, तेव्हा भांडू नका. कोणी भरले ते विचारा, त्या टेबलाकडे बघून हात छातीवर ठेवा आणि म्हणा ‘अल्ला यखल्लीक’, देव तुम्हाला राखो.

माझ्या बाबतीत हे अबू नुवासवर झालं. आई भेटायला आली होती, साडीत होती. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ तिला रोटीने काटे काढताना बराच वेळ बघत होते. आम्ही उठायच्या आधीच ते निघून गेले होते. वेटरने सांगितलं, म्हणाले की या बाईंना मासा खाता येतो.